कानातली शिट्टी आणि आबे फारिया

इब्न सिनाच्या 'कानून'मध्ये कानाच्या विकारांत 'तनीन' येतो. सुश्रुतसंहितेत त्याच तक्रारीला 'कर्णनाद' म्हटले आहे. बाहेर आवाज नाही, तरी कानात शिट्टी वाजते, रातकिडे किरकिरतात. रात्री घर शांत झाले की जास्तच. अशा बेजार माणसाला 'संमोहनाने कायमचा इलाज' म्हणणारी जाहिरात दिसली, तर त्याने काय समजावे? याचे अर्धे उत्तर दोनशे वर्षांपूर्वी एका गोवेकराने देऊन ठेवले आहे.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये डॉ. मेस्मर आपल्या अंगच्या 'चुंबकत्वा'ने रोग बरे करतो म्हणत असे. १७८४ साली राजाने चौकशी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन होता, लाव्हाझिए होता. चुंबकत्व वगैरे काही नाही, हा सारा कल्पनेचा परिणाम, असा निकाल लागला. पण निव्वळ कल्पनेने एवढे घडते कसे, हा खरा प्रश्न तसाच राहिला.

तो हाती घेतला आबे फारियाने. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा ख्रिस्ती धर्मगुरू १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करू लागला. समोरच्याला निवांत बसवायचा, मन एकाग्र करायला लावायचा आणि ठामपणे म्हणायचा, 'झोपा!' आणि वर सांगायचा, की ताकद माझ्यात नाही, झोपणाऱ्याच्या मनात आहे. बुवाबाजीच्या धंद्यात असे कोण सांगतो? लोकांनी त्याची टिंगल केली. १८१९ मध्ये त्याचे पुस्तक आले आणि त्याच वर्षी तो वारला. पणजीतल्या त्याच्या पुतळ्यात मात्र हात पसरलेला फारिया आणि खाली पडलेली स्त्री आहे. जणू शक्ती त्याच्या हातातूनच वाहते आहे!

आता कानाकडे येऊ. बहुतेक वेळा वय किंवा गोंगाट यांमुळे कानातल्या नाजूक पेशी झिजतात. तिकडून येणारे संदेश घटले, की मेंदू स्वतःच ध्वनी उभा करतो. संमोहनाने झिजलेल्या पेशी परत येत नाहीत. ते अंग सैल करते, लक्ष दुसरीकडे वळवते, आवाजाची धास्ती कमी करते. आवाज राहतो, पण झोप लागू शकते. ज्याची झोप उडाली आहे त्याला विचारा, हे थोडे नाही. मात्र याबाबतीत संमोहनापेक्षा अधिक भक्कम पुरावा वर्तन-विचार उपचाराचा आहे, आणि ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचाही उपयोग होतो.

पण आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा अचानक ऐकू येईनासे झाले असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. ऐकणे अचानक गेले असेल तर त्याच दिवशी.