३.२५-१९ : जुन्या मोटारसायकलींच्या टायरनिवडीमागचा इतिहास

जुन्या मोटारसायकलींचे जतन करणाऱ्यांमध्ये इंजिनाचा क्रमांक, टाकीवरच्या पट्ट्यांचा रंग, दिव्याची काच, एवढेच काय पण मूळ नटबोल्ट यांच्याही अस्सलपणाची चर्चा बारकाईने होते; टायरचा विषय मात्र साइज जुळली की संपला असे मानले जाते. टायर ही झिजणारी, बदलावी लागणारी वस्तू असल्याने तिला इतिहास नसतो, अशी समजूत यामागे आहे. प्रत्यक्षात टायरच्या बाजूवर उमटवलेले आकडे आणि अक्षरे वाचता आली, तर त्या गाडीच्या काळात रिमची कडा कशी घडवत, रबरात काय मिसळत, गाडी किती वेगाने जाणार असे गृहीत धरत आणि मापे कोणत्या देशाच्या पद्धतीने मोजत, हे सारे समजते. हे न समजता निवडलेला टायर कधी विजोड दिसतो आणि कधी धोक्याचा ठरतो.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव, म्हणजे तापवून बसवलेली पट्टी, असे. त्यानंतर आलेल्या सायकलींना भरीव रबराची पट्टी असे. हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये पेटंट करून मांडली होती, पण तेव्हा ती वापरावी असे हलके, वेगवान वाहनच नव्हते, त्यामुळे ती विस्मरणात गेली. बेलफास्ट येथे पशुवैद्यकाचा व्यवसाय करणारे जॉन बॉइड डनलप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी १८८७ मध्ये हाच शोध स्वतंत्रपणे लावला आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलप यांचा मूळ हक्क टिकला नाही, पण तोवर सायकलींच्या शर्यतींनी हवेच्या टायरची श्रेष्ठता सिद्ध केली होती. डनलप यांचा टायर रिमवर कापड गुंडाळून चिकटवलेला असे, म्हणजे पंक्चर काढायचे तर सगळेच सोलून काढावे लागे. टायर चटकन निघावा आणि तरीही चालत्या चाकावरून सुटू नये, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला आणि मोटारसायकलींच्या टायरचा पुढचा सगळा इतिहास त्याच्या उत्तरांतून घडला.

१८९० मध्ये या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली. लंडनच्या टॉटनहॅम भागातील चार्ल्स किंग्स्टन वेल्श यांनी टायरच्या दोन्ही कडांत न ताणली जाणारी तार घालून रिमच्या मधोमध खोलगट भाग ठेवण्याची योजना मांडली. एडिंबरो येथे रबराचा कारखाना चालवणारे विल्यम अर्स्किन बार्टलेट यांनी टायरच्या कडेलाच रबराची जाड आकडी करून ती आत वळलेल्या रिमच्या ओठाखाली अडकवली. दुसऱ्या प्रकाराला इंग्रजी व्यवहारात 'क्लिंचर' किंवा 'बीडेड एज' म्हणत. मराठीत त्याला आकडीकडेचा टायर म्हणता येईल. दोन्ही पेटंटे डनलप कंपनीने विकत घेतली. सायकलींसाठी वेल्श यांची तारकड स्थिरावली, तर जड आणि वेगवान मोटारसायकलींसाठी, विशेष म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, बार्टलेट यांची आकडीकड वापरात राहिली.

आकडीकडेच्या टायरची अडचण त्याच्या रचनेतच आहे. त्याच्या कडेत तार नसल्याने तो ताणता येतो आणि म्हणूनच रिमवर चढतो. पण चढल्यानंतर त्याला जागेवर धरून ठेवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे आतल्या हवेचा दाब, जो आकडीला रिमच्या ओठात घट्ट दाबतो. दाब कमी झाला की ब्रेक लावताना टायर रिमवर सरकतो, ट्यूबचा वॉल्व्ह तिरका होऊन मुळापाशी फाटतो आणि चालत्या गाडीत हवा एकदम गेली तर टायर चाकावरून सुटून साखळीत किंवा चिमट्यात अडकू शकतो. हे टाळण्यासाठी रिमला भोक पाडून आतून टायरच्या दोन्ही कडा दाबून धरणारे विशेष बोल्ट, म्हणजे सिक्युरिटी बोल्ट, बसवत असत. त्या काळच्या गाडीची रिम कोणी साफ करायला घेतली आणि तिच्यात वॉल्व्हखेरीज आणखी दोन-तीन भोके दिसली, तर ती नंतर कोणी उगाच पाडलेली आहेत असे समजून भरून टाकू नयेत.

१९२० च्या दशकाच्या मध्यापासून ब्रिटिश कारखान्यांनी खोलगट मध्याची रिम आणि तारकडेचा टायर स्वीकारायला सुरुवात केली आणि १९३० पर्यंत हा बदल जवळजवळ पूर्ण झाला. ब्रिटनमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबने 'व्हिंटेज' ही संज्ञा १९३० पर्यंतच्या यंत्रांसाठी राखली, तेव्हा या संक्रमणाच्या दोन्ही बाजूंच्या गाड्या एकाच नावाखाली आल्या. म्हणून या काळातील गाडीसाठी टायर मागवण्यापूर्वी रिमचा छेद पाहावाच लागतो. रिमची कडा आतल्या बाजूला वळून ओठ तयार झाला असेल तर ती आकडीकडेची रिम, आणि मध्यभागी खोल खाच असेल तर तारकडेची. आकडीकडेच्या रिमवर तारकडेचा टायर चढवण्याचा हट्ट काही ठिकाणी होतो. तो करू नये, कारण तारेची कड बसण्यासाठी लागणारी जागाच त्या रिमला नसते.

याच काळात मापे लिहिण्याची पद्धतही उलटली. सुरुवातीच्या मापात टायरचा बाहेरचा व्यास आधी आणि जाडी नंतर लिहीत, उदाहरणार्थ २६ × ३; नव्या पद्धतीत जाडी आधी आणि रिमचा व्यास नंतर आला, उदाहरणार्थ ३.००-२०. २६ इंचांतून दोन्ही बाजूंची ३-३ इंच जाडी वजा केली की २० इंच राहतात, म्हणजे ही दोन मापे एकाच टायरची आहेत. जुन्या माहितीपुस्तिकेत २६ हा आकडा वाचून २६ इंची रिम शोधत बसणारे लोक आजही आढळतात, त्यामागे हीच उलथापालथ आहे.

टायरचा रंगही इतिहासातच घडला. पहिल्या टायरांच्या रबरात झिंक ऑक्साइड मिसळलेले असल्याने ते पांढुरके दिसत. काजळीचा, म्हणजे कार्बन ब्लॅकचा, उपयोग करून रबर अधिक टिकाऊ होते हे लंडनजवळच्या सिल्व्हरटाउन येथे १९०४ च्या सुमारास आढळले आणि पुढच्या दशकात अमेरिकी कारखान्यांनी ते मोठ्या प्रमाणावर अमलात आणले. आतील कापडही बदलत गेले: आडवे-उभे विणलेले सुती कॅनव्हास आधी, नंतर फक्त एका दिशेने जाणारे सुती दोर, मग रेयॉन आणि शेवटी नायलॉन. सुती दोरांच्या काळातील 'चार पदरी' ही ताकद मोजण्याची पद्धत मात्र कायम राहिली, त्यामुळे '४ पीआर' असा शिक्का असलेल्या आजच्या टायरात पदर दोनच असले तरी त्याची ताकद चार सुती पदरांइतकी धरलेली असते.

भारताचा या इतिहासाशी खरा संबंध ३.२५-१९ या मापाने जोडला जातो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने बीएसए एम२० आणि नॉर्टन १६एच या गाड्या मोठ्या संख्येने वापरल्या. दोन्हींना हेच माप होते. युद्धानंतर रेडिच येथील रॉयल एनफील्ड कारखान्याने ३५० सीसीची नवी बुलेट काढली तिलाही पुढे-मागे ३.२५-१९ टायर होते. १९५० च्या दशकाच्या आरंभी भारत सरकारने सैन्यासाठी ८०० बुलेट मागवल्या, १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफील्ड इंडिया स्थापन झाली आणि मूळ रेडिचचा कारखाना १९७० पर्यंत बंद झाला तरी मद्रासला बुलेट तयार होतच राहिली. तोवर भारतात टायरनिर्मितीही रुजली होती: हुगळी जिल्ह्यातील साहागंज येथे डनलपचा कारखाना १९३६ मध्ये उभा राहिला, मुंबईत भांडुपला सिएटचा उद्योग १९५८ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने उभारला आणि १९६१ पासून मद्रास रबर फॅक्टरी, म्हणजेच एमआरएफ, टायर बनवू लागली. ब्रिटनमध्ये १९ इंची मागच्या चाकाचा काळ सरत असताना भारतातील पोलीस, सैन्य, दूधवाले आणि शेतकरी यांच्या बुलेटींमुळे हे माप इथल्या दुकानांत रोजच्या विक्रीचे राहिले. १९४० च्या दशकातील ब्रिटिश गाडीचा मालक आज पुण्यात किंवा कोल्हापुरात कोपऱ्यावरच्या दुकानातून योग्य मापाचा टायर घेऊ शकतो, तो या एका मोटारसायकलीच्या दीर्घायुष्यामुळे. संग्रहालयांनी केलेल्या प्रयत्नांपेक्षा रोजच्या वापराने जपलेल्या वारशाचे हे मोठे उदाहरण आहे आणि त्याची नोंद पुरेशी घेतली गेलेली नाही.

जावाच्या वाट्याला असे नशीब आले नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून बनलेल्या जावा २५० ला ३.२५-१६ टायर होते. नंतरच्या येझदी रोडकिंगने १८ इंची चाके घेतली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. १६ इंची मापाला बुलेटसारखा अखंड ग्राहक मिळाला नाही, म्हणून जावाच्या मालकाला मूळ मापासाठी शोधाशोध करावी लागते, आणि टायर मिळत नाही म्हणून चाकेच बदलून टाकण्याचा मोह होतो. चाके बदलली की चिमट्याची उंची, मडगार्डमधील अंतर आणि गाडीची बसण, तिन्ही बिघडतात. इथे थांबून योग्य टायर शोधणेच श्रेयस्कर.

माप जुळले तरी निवड संपत नाही. ब्रिटिश रिमची रुंदी 'डब्ल्यूएम' या शृंखलेने सांगितली जात असे: डब्ल्यूएम१ म्हणजे १.६० इंच, डब्ल्यूएम२ म्हणजे १.८५ आणि डब्ल्यूएम३ म्हणजे २.१५. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो आणि रस्त्याला टेकणारा पट्टा कमी होतो. म्हणजे रुंदी वाढवून पकड घटवली असे होते. पुढच्या टायरवर लांब सरळ रेघा आणि मागच्यावर चौकटी ही जुन्या गाड्यांची जोडी शोभेसाठी नव्हती: पुढच्या रेघा दिशा सरळ धरून ठेवतात, मागच्या चौकटी इंजिनाचा जोर रस्त्यावर उतरवतात. पुढे मागचाच टायर बसवला तर गाडी चालते, पण ज्याने मूळ जोडीवर चालवली आहे त्याला वळणावर फरक लगेच जाणवतो.

१९६० च्या दशकात वेग वाढला तसा टायरचा छेदही बदलला. १९६९ मध्ये आइल ऑफ मॅनच्या प्रॉडक्शन टीटी शर्यतीत माल्कम अपहिल यांनी ट्रायम्फ बॉनव्हिलवर ताशी १०० मैलांपेक्षा अधिक सरासरीने फेरी पूर्ण केली; तेव्हा चाकांवर असलेला डनलपचा के८१ हा टायर पुढे टीटी१०० या नावाने विकला गेला. त्याचे ४.१० हे माप जुन्या शृंखलेपेक्षा वेगळे आहे: जुन्या टायरची उंची जवळजवळ रुंदीएवढी असे, तर ४.१० ची उंची रुंदीपेक्षा बरीच कमी. नंतर मिलिमीटरची पद्धत आली. ९०/९०-१९ म्हणजे रुंदी ९० मिलिमीटर, उंची तिच्या ९० टक्के आणि रिम १९ इंची; त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ६४५ मिलिमीटर भरतो, तर ३.२५-१९ चा सुमारे ६४८. फरक नगण्य आहे, म्हणून हा पर्याय स्वीकारण्यासारखा आहे. रेडियल टायरचे तसे नाही. जुन्या गाड्यांचे टायर क्रॉसप्लाय, म्हणजे तिरपे एकमेकांना छेदणाऱ्या दोरांच्या पदरांचे असतात. रेडियलमध्ये दोर आडवे जातात आणि वरून पट्टा असतो, त्यामुळे बाजू मऊ राहते. जुनी अरुंद रिम आणि जुना चिमटा त्या मऊपणासाठी बनलेले नाहीत. एका चाकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा प्रकार बसवणे तर सर्वथा वर्ज्य.

भारतात जुलै २०२१ च्या अधिसूचनेने पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी आणि चारचाकींना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. त्यामुळे अस्सलपणाचा आग्रह वाढला आहे आणि त्याच्या भरात कोठारात सापडलेले, कधीच न वापरलेले जुने टायर चढवण्याची प्रवृत्तीही दिसते. ही प्रवृत्ती घातक आहे. न वापरलेले रबरही हवेतील प्राणवायू आणि ओझोनमुळे कडक होते, नक्षीच्या तळाशी बारीक चिरा पडतात, आणि गोटा झालेल्या टायरपेक्षा असा टायर फसवा, कारण त्याची नक्षी शाबूत दिसते. २००० पासून टायरच्या बाजूवर चार आकडे छापतात: पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. उदाहरणार्थ २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर गेल्या शतकातला आहे असे समजावे. अस्सलपणा मापात, छेदात आणि नक्षीत राखावा. रबर मात्र ताजेच हवे.

ब्रिटनमध्ये मेल्कशम येथील एव्हनचा टायर कारखाना २०२३ च्या अखेरीस बंद झाला, साहागंजच्या डनलपचे काम २०११ मध्येच थांबले होते. कारखाने बंद झाले की त्यांचे साचे आणि माहितीपुस्तिकाही हाती लागेनाशा होतात आणि मग झिजलेला टायर हाच मूळ मापाचा एकमेव पुरावा उरतो. जुन्या गाडीच्या मालकांनी म्हणूनच एवढे तरी करावे: जुना टायर भंगारात देण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंवरची सर्व अक्षरे आणि आकडे वहीत उतरवून घ्यावेत, नक्षीचे छायाचित्र काढावे आणि रिमची रुंदी कडांच्या आतून मोजून त्याच पानावर लिहून ठेवावी.