गप्प झालेला टॅपेट

फियाट टकटकते म्हणून घाबरून आलेल्या गिऱ्हाइकाला मी आधी चहा पाजायचो. टकटक हा त्या इंजिनाचा जन्मस्वभाव. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली अकराशेची फियाट सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली, इंजिन तेच राहिलं: 1,089 सीसी, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. मधे टॅपेट, पुशरॉड, रॉकर. तापलेला धातू वाढतो, म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये केसभर फट ठेवावीच लागते. आवाज तिचाच.

मिस्त्रीची परीक्षा कानावर व्हायची. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक रॉकर कव्हरवर, मूठ कानाला. फट बांधूनही टकटक राहिली, तर रॉकरचं तोंड बघायचं. व्हॉल्व्हच्या दांड्यावर आपटून तिथे खळगा पडतो. फिलर गेजची पाती खळग्याच्या काठांवर टेकते, माप बरोबर दाखवते, खरी फट मात्र जास्तच असते. नवी पोरं इथे हटकून फसत. खळगा दगडावर घासून काढायचा, फार खोल असला तर रॉकर बदलायचा. पुशरॉड काचेवर घरंगळवला की वाकलेला कळतो. कॅमचा उंचवटा झिजला तर गाडीची ओढ जाते. डायल गेज नसेल तर इंजिन हाताने फिरवून चारही इनटेक पुशरॉड किती उचलले जातात ते एकमेकांशी ताडून बघायचं, मग चारही एक्झॉस्टचे.

ही सगळी टकटकीची दुखणी. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला पुढे उलटंच दुखणं जडलं.

1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिशाविना पेट्रोल आलं. हवेसाठी ते हवंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या पेट्रोलमधल्या शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर बसायचा आणि तिला झिजू देत नसे. तो गेला. न्यायालयाच्या आदेशानंतर जुन्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या, आणि तो गॅस तर अगदीच कोरडा. दिवस-रात्र पाळीने चालणाऱ्या गाडीची सीट खचायला लागली. सीट खचली की व्हॉल्व्हचा दांडा वर रॉकरकडे सरकतो आणि फट आपोआप बुजते. टॅक्सीवाले खूश, इंजिन मऊ झालं म्हणायचे! आम्हाला धडकी भरायची. फट संपलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, जळता वायू कडेने निसटतो आणि कड करपते. मग मिसिंग सुरू, चढावर दम नाही.

अशा वेळी कॉम्प्रेशन मोजायचं. एखादा सिलिंडर कमी निघाला, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर दोष रिंगांचा. जागचा हलला नाही, तर बहुधा व्हॉल्व्हच, हेड उतरवा. हेड ॲल्युमिनियमचं, सीटची रिंग वेगळी बसवलेली. वर्कशॉपवाल्याकडून कडक धातूची रिंग ठोकून घ्यायची, मग पेस्ट लावून व्हॉल्व्ह दोन्ही तळव्यांत घुसळायचा. सीटवर एकसारखा करडा पट्टा उमटेपर्यंत सुटका नाही. याला पैसे लागायचे, म्हणून बरेच जण नुसती फट सैल करून घेत आणि थोड्याच दिवसांत परत येत.

शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्ता मोकळा झाला. निरोपाच्या लेखांत छतांची नक्षी होती, टपावरचं कॅरिअर होतं. हेडबद्दल अवाक्षर नाही.

हौशी मालकांच्या पद्मिन्या अजून येतात. भंगारातून हेड आणलं असेल तर मी आधी सीट बघतो, रंगबिंग नंतर.