समई, कंदील आणि चिमणी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती द्यावी, तर ती दरवर्षी देऊन झाली. परंतु यंदा आमच्या घरी दिव्यांवरून बरेच बोलणे झाले. त्या निमित्ताने मी काही वाचले, काही पाहिले, आणि पुष्कळसे आठवले. तेच येथे लिहिते. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

निमित्त झाले ते असे. माझ्या लेकीने आणि जावयांनी नवे घर घेतले. दिवाणखान्यात जुन्या पद्धतीचे दिवे लावायचे असा तिचा हट्ट. एका रविवारी ती मला म्हणाली, “आई, जुन्या बाजारात चल. दिव्यांतले तुला कळते.” मला काही कळते असे घरात कोणी म्हणण्याचा प्रसंग तसा विरळाच. मी लगेच पायांत चपला घातल्या.

आपल्या मंडळाची सहल राजा केळकर संग्रहालयात गेली होती, ती पुष्कळजणींना आठवत असेल. काकासाहेब केळकरांनी गावोगाव हिंडून जमवलेले पितळी दिवे तेथे आहेत. हत्तीचे, मोराचे, साखळीने टांगायचे, हाती धरायचे. आपण सगळ्या त्यांपुढे किती वेळ उभ्या होतो! घरी आल्यावर माझ्या मनात प्रश्न आला, की हे इतके नाना आकार असले तरी तेलाची वाटी मात्र सगळ्यांची उथळच का?

त्याचे कारण मला पुढे समजले. वातीच्या कापसातील बारीक फटींतून तेल वर चढते. पण तिळाचे, करडईचे किंवा एरंडीचे तेल दाट. ते बोट-दोन बोटे चढते, त्याहून वर जात नाही. म्हणून ज्योत तेलाला अगदी लागून ठेवावी लागते. कोकणात उंडीचे कडू तेल जाळीत, त्याचेही तेच. मग ज्योतीच्या खाली वाटी आली, आणि वाटीच्या खाली सावली आली. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण माणसांना लावतो, पण ती मुळात दिव्याच्या घडणीतली आहे. समईला उंच दांडा दिला तो याचसाठी, की सावली बुडाशी राहावी आणि उजेड लांब पडावा. लामणदिवा आढ्याला टांगला तोही त्याचसाठी. श्रीमंतांच्या वाड्यांतून बिलोरी हंड्या आणि झुंबरे आली, ती परदेशच्या काचेची. साध्या घरी पणती आणि समई एवढाच काय तो उजेड. एका ज्योतीचा उजेड साधारण एका मेणबत्तीइतका धरावा. आज आपण नऊ वॅटचा एलईडी दिवा लावतो, त्यात अशा साठएक मेणबत्त्या मावतात!

पुढचा मोठा पालट खनिज तेलाने केला. १७८० च्या सुमारास जिनिव्हाच्या आर्गां नावाच्या गृहस्थाने पोकळ गोल वातीचा दिवा काढला. वातीच्या आतून-बाहेरून हवा खेळती ठेवली आणि वर काचेची नळी बसवली, की ज्योत स्थिर होते आणि धूर कमी होतो, हे त्याच्या दिव्याने दाखवले. पण जळत होते ते दाट तेलच. १८५३ साली ल्व्हीव शहरी लुकासिएविच नावाच्या औषधे बनविणाऱ्याने खनिज तेल शुद्ध करून त्याचा दिवा तयार केला. त्याच साली तेथील रुग्णालयात त्या दिव्याच्या उजेडात रात्री शस्त्रक्रियाही झाली. हे तेल पातळ, वातीतून वीतभर सहज चढणारे. त्यामुळे तेलाची टाकी खाली आणि ज्योत चांगली वर, असा दिवा करता आला. आपल्याकडे ते आले ते रॉकेल आणि घासलेट या नावांनी. रॉकेल म्हणजे ‘रॉक ऑइल’, आणि घासलेट म्हणजे ‘गॅसलाइट’. दोन्ही शब्द आपल्या जिभेवर असे रुळले, की ते परके आहेत हे कोणास सांगून खरे वाटू नये.

शहरांत याच सुमारास निराळेच चालले होते. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. १९१५ साली खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, आणि १९६२ साली कोयनेची वीज आली. खेड्यांतून मात्र पुढेही कितीतरी वर्षे राज्य होते ते कंदिलाचेच.

कंदील म्हटले की माझ्या माहेरचे नाव घेतलेच पाहिजे. कऱ्हाडचे रेल्वे स्टेशन ओगलेवाडीत आहे. तेथे १९१६ साली ओगले बंधूंनी औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने काच कारखाना काढला. त्याआधी १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेप्रमाणे माणशी एक पैसा गोळा करून तो फंड उभा राहिला. तोवर चांगला कंदील म्हणजे जर्मनीचा किंवा अमेरिकेचा. ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील निघाला आणि आपल्या मुलखातील काच आपल्या घरात उजळली. तो कारखाना आता बंद पडला आहे. पण आमच्या घरचा ‘प्रभाकर’ मी अजून डोळ्यांपुढे आणू शकते. वाऱ्यात तो विझत नसे, आणि हातून पडला तर आधी काच जाई, मग पाठीत धपाटा बसे.

आमची वस्ती गावापासून दूर, मळ्यात. चार घरे. तेथे वीज आली तेव्हा माझे लग्न होऊन दोन वर्षे झाली होती. घरात दिवे तीन. देवापाशी समई. सोप्यात कंदील, त्यापाशी वडील हिशेब करीत आणि थोरला भाऊ अभ्यास करी. स्वयंपाकघरात चिमणी. हल्लीच्या मुलींना चिमणी म्हटले की धूर ओढणारे यंत्र आठवते. आमची चिमणी धूर सोडणारी! पत्र्याच्या डबीला झाकण, झाकणात नळी, नळीत चिंधीची वात. काच नाहीच. चुलीचा धूर आणि चिमणीची काजळी, दोन्हींमध्ये बसून आई भाकऱ्या थापी. भाकरी भाजली की करपली, हे ती वासावरून ओळखी.

कंदिलाची काच पुसणे माझ्याकडे होते, कारण माझा हात लहान, काचेत जाई. रोज दिवस मावळण्यापूर्वी राखेने काच घासायची, कोरड्या फडक्याने लख्ख करायची, वात कात्रीने सरळ कापायची. वात तिरकी कापली तर ज्योत एका बाजूला चढते आणि काच काळी होते. इतके करून तो कंदील सोप्यात नेऊन ठेवायचा, आणि आपण चिमणीपाशी यायचे.

१९९१ साली मी सातवी पास झाले. वर्गात दुसरी आले होते. पुढची शाळा दोन कोस लांब. परत येताना अंधार पडणार, आणि त्यानंतरचा अभ्यास कोठे करणार? भाऊ दहावीत होता, कंदील त्याला हवा होता. वडील म्हणाले, “दिवा एकच आहे, पोरी.” ते चिडून बोलले नाहीत. त्यांना ते खरेच वाटत होते. दुसरा कंदील कऱ्हाडच्या बाजारात मिळत होता. परंतु तो आणावा असे कोणास वाटले नाही, आणि मागावा असे मलाही सुचले नाही. भाऊ शिकला, नोकरीस लागला, याचा मला आनंदच आहे. माझ्या लग्नात पुष्कळसा खर्च त्यानेच केला. तरी त्या संध्याकाळी मी पुसलेली काच मला अजून आठवते.

दिव्यांच्या अवसेची कहाणी आपणां सर्वांना ठाऊक आहे. सुनेने घरातले खाल्ले आणि आळ घातला उंदरांवर. उंदरांनी सूड म्हणून तिच्यावर आळ आणला. तिला घराबाहेर काढले. मग अवसेच्या रात्री सगळे दिवे झाडावर जमले आणि आपापल्या घरची हकीगत सांगू लागले. त्यात तिच्या घरच्या दिव्याने खरे काय ते सांगितले. तिच्या बाजूने घरातले माणूस बोलले नाही, दिवा बोलला. रोज त्याला घासणारा हात तिचाच होता ना! लहानपणी मी ही कहाणी नुसती ऐकली. आता वाटते, की घराचा खरा इतिहास दिव्यांना विचारावा.

आता जुन्या बाजारात काय घडले ते सांगते, कारण पुष्कळजणींना असे दिवे घ्यायची हौस आहे. समई घेताना तिचे भाग सोडवून आटे नीट बसतात का ते पाहावे. बूड रुंद आणि जड असावे. लोहचुंबक लावून पाहावे. तो चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. नवीन वस्तू मुद्दाम काळी करून जुनी म्हणून विकतात. खरोखर वापरलेल्या समईच्या कडा हातांनी घासून गुळगुळीत झालेल्या असतात, आणि झीज जेथे हात लागतो तेथेच असते. डाख दिलेला असला तर बिघडत नाही. पाणी भरून रात्रभर ठेवावे, गळते का ते सकाळी कळते. चिंचेने किंवा लिंबाने उजळावी, पण नवी दिसेल इतकी घासू नये.

कंदिलाची टाकी गंजलेली नसावी, वात वरखाली करण्याची चाकी फिरावी, काच त्याच मापाची असावी. रॉकेल आता पूर्वीसारखे मिळत नाही, म्हणून लोक त्यात विजेचा दिवा बसवतात. तसे करायचे तर गरम न होणारा एलईडी घ्यावा आणि पिवळसर, म्हणजे २७०० केल्व्हिनचा घ्यावा. कंदील धातूचा असतो, तेव्हा तीन तारांची वायर घेऊन अर्थिंग जोडलेच पाहिजे. हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे. जुनी गॅसबत्ती नुसती शोभेला ठेवावी. तिच्या जुन्या जाळीत थोरियम नावाचे किरणोत्सर्गी द्रव्य असे. तिची राख हाताळू नये, मुलांपासून दूर ठेवावी.

आम्ही एक समई, एक कंदील आणि एक निळी हंडी घेतली. मग लेकीने मला घराचा नकाशा दाखविला. दिवाणखान्यात दिव्यांच्या सात जागा. स्वयंपाकघरात एक, तीही छताच्या मध्यावर.

मी म्हटले, “अगं, ओट्याशी उभी राहिलीस की दिवा तुझ्या पाठीमागे येणार. विळी-सुरीवर तुझीच सावली पडेल.”

ती हसली. “आई, तेवढे चालते.”

“मला चालले,” मी म्हटले. “तुला चालू नये.”

ती जरा वेळ गप्प राहिली. मी तिला चिमणीची आणि दुसऱ्या कंदिलाची गोष्ट पूर्वी कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. दिवाणखान्यातील दोन दिवे कमी झाले आणि ओट्यावर, फळीच्या खाली, समोरून उजेड पडेल असे दोन दिवे लागले. जावयांनाच ते अधिक आवडले, कारण सकाळचा चहा तेच करतात!

भगिनींनो, येत्या दिव्यांच्या अवसेला मंडळात दिव्यांचे पूजन करू तेव्हा प्रत्येकीने घरातील सर्वांत जुना दिवा आणावा, आणि त्याच्या उजेडात कोण बसत असे व तो कोण पुसत असे, एवढे चार ओळींत लिहून आणावे, अशी माझी सूचना आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मी लिहून घेईन. माझ्या आईची चिमणी माझ्याकडे आहे. वहिनीने भंगारात टाकायला काढली होती, ती मी मागून आणली. ती मी घेऊन येईन.