पातूरची पाटी

वाशीम ओलांडलं की अकोला जिल्ह्यातलं पातूर. तिथल्या नगरपरिषदेच्या पाटीवर वर मराठी, खाली उर्दू. १९५६ पासूनचा हा रिवाज. परिषदेच्या एका माजी सदस्येनं हरकत घेतली. २०२० मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी फक्त मराठीचा आदेश दिला. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो २०२१ मध्ये रद्द केला. मग मामला नागपूर खंडपीठात, तिथून दिल्लीत. मधल्या काळात २०२२ चा स्थानिक प्राधिकरण राजभाषा कायदा आला, तोच हरकतीचा मुख्य आधार झाला.

१५ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचे न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी हरकत फेटाळली. कारभार मराठीतच हवा, पण पाटीवर जोडीला दुसरी भाषा नको असं कायदा म्हणत नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हेही त्यांनी बजावलं.

आपल्याकडे लगेच 'उर्दूचा विजय' फिरू लागला. भाईहो, निकाल नीट वाचा. उर्दू लावाच, असं त्यात कुठंही नाही. लावायची तर मनाई नाही, एवढंच. उद्या एखाद्या परिषदेनं ठराव करून ती उतरवली, तर हा निकाल किती कामाला येईल?

आपलं वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या कारभारात होतं. शिवरायांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, तरी अर्ज, दावा, वकील, तारीख मराठीतून गेले नाहीत. वर्गात मी 'पंचनामा' फोडून दाखवतो: पंच इथला, नामा फारसी. मुलं हसतात, शेतात गारपीट झाली की हाच शब्द त्यांच्या घरी येतो.