परवाना आणि श्रोते : टकोमा येथील एका विद्यापीठीय नभोवाणी केंद्राचे हस्तांतर

अमेरिकेत नभोवाणी केंद्राचा परवाना ज्या संस्थेच्या नावे असतो, तीच कायद्याच्या दृष्टीने त्याची धनी होय. 1945 साली एफ. एम. पट्ट्यातील 88 ते 92 मेगाहर्ट्झ हा भाग अव्यापारी, शैक्षणिक ध्वनिक्षेपणासाठी राखून ठेवण्यात आला आणि अनेक विद्यापीठे परवानाधारक बनली. पुढे 1967 च्या सार्वजनिक ध्वनिक्षेपण कायद्याने या केंद्रांना सरकारी अनुदानाचा आधार मिळवून दिला. तथापि खर्चाचा मोठा वाटा श्रोत्यांच्या देणग्यांतूनच येऊ लागला. मालकी एकाची आणि पोषण दुसऱ्याचे, अशी ही विलक्षण व्यवस्था होती.

तिची कसोटी वॉशिंग्टन राज्यात लागली. टकोमाजवळील पॅसिफिक लुथरन विद्यापीठाचे ‘केपीएलयू’ हे केंद्र 1966 मध्ये सुरू झाले. व्यापारी केंद्रांनी जॅझकडे बहुतांशी पाठ फिरविली असता त्याने जॅझ आणि वार्ता यांची सांगड घातली. शेजारच्या सिएटल शहरात या संगीताला जुनी भूमी होती. जॅक्सन स्ट्रीटवरील रात्रमंडळांत 1940 नंतरच्या दशकात तरुण रे चार्ल्स आणि शाळकरी वयाचा क्विन्सी जोन्स वाजवीत असत.

नोव्हेंबर 2015 मध्ये विद्यापीठाने हे केंद्र वॉशिंग्टन विद्यापीठाला विकण्याचा मनोदय जाहीर केला. त्या विद्यापीठाकडे ‘केयूओडब्ल्यू’ हे वार्ताप्रधान केंद्र होतेच. म्हणून केपीएलयूचा वार्ताविभाग बंद करून तेथे केवळ जॅझ ऐकवावे, अशी योजना होती. येथे एक गोष्ट अभ्यासकाच्या नजरेतून निसटू नये. या व्यवहारात जॅझला धोका नव्हता. उलट त्याचा वेळ वाढणारच होता. तरीही श्रोते खवळले. त्यांना हवे होते ते केवळ संगीत नव्हे. आपल्या परिसराची बातमी आणि जॅझ एकाच ठिकाणी देणारे स्वतंत्र केंद्र त्यांना हवे होते. जॅझच्या रसिकांनी जॅझच्या वाढीव वेळेला नकार द्यावा, हे केवळ अभिरुचीच्या इतिहासातून उलगडण्यासारखे नाही.

लोकक्षोभामुळे खरेदीदार विद्यापीठ थांबण्यास राजी झाले. 30 जून 2016 पर्यंत 70 लाख डॉलर उभे करावेत, अशी अट श्रोत्यांपुढे होती. ती रक्कम मे महिन्याच्या अखेरीसच जमली आणि केंद्र नव्या, लोकाश्रयी संस्थेकडे गेले.

नाव मात्र बदलावे लागले. मिसिसिपीच्या पश्चिमेकडील केंद्रांची संकेताक्षरे सामान्यतः ‘के’ने सुरू होतात, ‘केपीएलयू’तील उरलेली तीन अक्षरे विद्यापीठाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे होती. दर तासाला संकेताक्षरे उच्चारण्याचा नियम असल्याने मालकाची ओळखही तासातासाला श्रोत्यांच्या कानी पडे. 31 ऑगस्ट 2016 पासून 88.5 मेगाहर्ट्झवर ‘केएनकेएक्स’ ही अक्षरे ऐकू येऊ लागली. ती सलग वाचली की ‘कनेक्ट्स’ म्हणजे ‘जोडते’ या इंग्रजी क्रियापदाचा ध्वनी उमटतो. त्यांत कोणत्याही मालकाचे नाव नाही.