१९१८ ची साथ, गोंदियाचा मुलूख आणि फुप्फुसातील भक्षकपेशी

इ. स. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा विचार करताना मध्यप्रांत व वऱ्हाड यांस वगळता येत नाही. जूनमध्ये मुंबईस प्रकटलेली पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरपासूनची दुसरी संहारक ठरली, आणि ज्या प्रांतांत मृत्युमान दर हजारी पन्नासांच्या वर गेले त्यांत मध्यप्रांताची गणना होते. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडत असे. तो १९९९ साली वेगळा झाला. गोंदिया हे बंगाल-नागपूर रेल्वेचे जंक्शन. हावड्याकडे जाणारा हमरस्ता तेथून जाई आणि जबलपूरकडे अरुंद मापाचा फाटा फुटे. साथ लोहमार्गाने पसरली, हे तत्कालीन आरोग्याधिकाऱ्यांच्याही ध्यानी आले होते.

मृत्यूंची नोंद मात्र समाधानकारक नाही. गावचा कोतवाल ठाण्यावर वर्दी देई आणि बहुतेक मृत्यू ‘ताप’ या सदरात जात. तलाव व धानबांध्यांच्या या मुलखात हिवताप नित्याचाच; तेव्हा साथीचे बळी मोजावयाचे ते नेहमीच्या सरासरीवरील आधिक्यावरूनच.

त्या वर्षी पाऊस फसला होता. साहजिकच अनेकांनी या संहाराचे मूळ उपासमारीत शोधले. हे मत त्याज्य नव्हे. परंतु निव्वळ उपासमारीत अर्भके व वृद्ध प्रथम दगावतात. १९२१ च्या शिरगणतीत दिसते ते वेगळेच: वीस ते चाळीस वर्षे वयाची माणसे, त्यांतही स्त्रिया, अधिक मेल्या. वृद्धांस पूर्वीच्या एखाद्या साथीने काही संरक्षण दिले असावे, हा एक तर्क. दुसरा तर्क फुप्फुसाकडे नेतो.

वायुकोशांत भक्षकपेशींचा कायमचा पहारा असतो. (भक्षकपेशींची कल्पना मेच्निकॉफने १८८० नंतरच्या दशकात मांडली.) धूळ व जंतू गिळणे, आणि दाह आवरून धरणे, ही यांची दोन कामे, दुसरे अधिक मोलाचे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूने या पेशी घटल्या की रक्तातून नव्या श्वेतपेशींचा लोंढा येतो आणि त्यांच्या स्रावांनी वायुकोशाची पातळ भिंतच पोळते. कोश द्रवाने भरतात. १९१८ चा विषाणू २००५ साली प्रयोगशाळेत पुन्हा घडविण्यात आला. २००७ मध्ये माकडांवरील प्रयोगांत त्याने असाच अनावर प्रतिसाद उठविला. २०२० मध्ये कोविडच्या प्राणवायूवरील रुग्णांत डेक्सामेथासोनने मृत्यू घटले, प्राणवायूची गरज नसलेल्यांत लाभ दिसला नाही. यावरूनही दाहाचा वाटा कळतो.

तथापि सारा दोष दाहावर ढकलणे उतावीळपणाचे होईल. १९१८ मधील शवांच्या फुप्फुसांचे जतन केलेले नमुने २००८ साली पुन्हा तपासले गेले, तेव्हा त्यांत जीवाणुजन्य न्यूमोनियाच्या खुणा सर्रास आढळल्या. पहारा उठलेल्या फुप्फुसात जीवाणूंस मोकळे रान मिळते. आणि येथेच दुष्काळ पुन्हा विचारात येतो. कारण दुय्यम न्यूमोनियाशी झुंजताना अन्न, विश्रांती व शुश्रूषा यांची गरज सर्वाधिक. घरातील आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या स्त्रीस यांतले काय लाभत असेल?

म्हणजे ‘ताप’ या एका सदरात निदान दोन प्रकारचे मृत्यू मिसळले आहेत: दाहाने काही दिवसांतच ओढवलेले, आणि जीवाणूंनी आठ-दहा दिवसांनी घडविलेले. कोतवालाच्या वर्दीत मृत्यूचा दिवस असे, अंथरुण धरल्याचा नव्हे.