शहराबाहेरचं रुग्णालय

धर्मादाय रुग्णालयाचं कूळ शोधत मागे गेलं की वैद्याच्या आधी एका बिशपाचं दार लागतं. आजच्या तुर्कस्तानातलं कायसेरी म्हणजे तेव्हाचं सिझरिया, कॅपाडोशिया प्रांताची राजधानी. इ. स. 368-69च्या सुमारास तिथे दुष्काळ पडला. भाव चढतील म्हणून धनिकांनी कोठारं बंद ठेवली. बेसिल नावाच्या धर्मगुरूने प्रवचनांतून त्यांना खडसावलं आणि भुकेल्यांना अन्न दिलं. पुढे 370 मध्ये बिशप झाल्यावर त्याने शहराबाहेर एक वसाहतच उभारली. प्रवासी, निराधार, आजारी आणि घरच्यांनीही टाकलेले कुष्ठरोगी तिथे राहत. वैद्य होते, शुश्रूषेला माणसं होती. ही कल्पना एकाएकी सुचलेली नव्हती. त्याच्या दोनशे वर्षांपूर्वीच ख्रिस्ती लेखक जस्टिनने नोंदवलं आहे, की रविवारच्या उपासनेत जमलेला पैसा अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परक्यांसाठी खर्च होई. दर रविवारच्या या व्रताला बेसिलने छप्पर दिलं, असं मी मानतो.

यावर पहिला आक्षेप असा, की रोगोपचार ख्रिस्ती लोकांनी शोधले नाहीत. खरंच आहे. रोमन सैन्याच्या छावण्यांत रुग्णालयं होती, आणि आपल्याकडे अशोकाने ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात माणसांच्या नि जनावरांच्याही उपचारांची सोय केल्याचं गिरनारचा शिलालेख सांगतो. करुणेवर कोणा एका धर्माचा मक्ता नाही. पण छावणीतल्या सैनिकाला बरं करायचं ते पुन्हा लढण्यासाठी. सिझरियातला कुष्ठरोगी कोणाच्याच उपयोगाचा नव्हता, तरी त्याला जागा मिळाली. हे वेगळेपण विरोधकांनाही जाणवलं होतं. रोमन सम्राट ज्युलियनच्या नावावरच्या 362च्या पत्रात खंत आहे, की हे ख्रिस्ती लोक आपल्या गरिबांना पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात; म्हणून नगरोनगरी धर्मशाळा काढा, असा हुकूम त्यात आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा: सेवा हे धर्मांतराचं आमिष. सुमारे 260च्या अलेक्झांड्रियातल्या साथीविषयी बिशप डायोनिशियस लिहितो, की रुग्णांची सेवा करणारे कित्येकजण त्याच रोगाने गेले. आमिष लावणारा स्वतःचा जीव गळाला लावत नाही. मात्र पुढच्या इतिहासात, आपल्या देशातही, मदत आणि बाप्तिस्मा यांची सांगड घातली गेल्याचे आरोप झाले, आणि ते नुसते झटकून टाकता येणार नाहीत. जिथे औषधाला अट जोडली गेली, तिथे हा आक्षेप पूर्णपणे न्याय्य आहे. ती संस्था बेसिलच्या कुळातली नव्हे.